केसपेपर नसलेलं तोंड

हणमंत बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या कपाळाला काहीतरी लागलंय, आणि तो बिचारा रुमालानं पुसत बसायचा. खरी गोष्ट अशी की हणमंतला माणसाच्या तोंडाची किळस होती. दात, जीभ, लाळ, पानाची लाली, मिसरीचा काळा थर, यातलं काहीही दिसलं की त्याच्या गळ्याशी आंबट पाणी यायचं. आणि हा माणूस पंचवीस वर्षं दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता.

दवाखाना वरच्या मजल्यावर आणि जिन्याखाली माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान. वर जाणारा प्रत्येक सुजलेला गाल माझ्यासमोरून जायचा. सोलापुरात कुणाचा दात कधी पडला हे डॉक्टरनंतर मलाच माहीत असायचं, आणि डॉक्टर कुणाला सांगत नसत.

हणमंतच्या घरचंही मला ठाऊक होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच सकाळी नागूबाई मागच्या दारात मिसरी लावत बसली. बोटानं हिरड्या घासल्या, काळी पिंक टाकली आणि नव्या नवऱ्याकडे बघून गोड हसली. नवरा तडक बाहेर पडला तो संध्याकाळी परत आला. नागूबाईनं मिसरी सोडली नाही आणि ह्यानं किळस सोडली नाही. पुढे त्यांना तीन मुलं झाली, म्हणजे मध्ये कुठेतरी तडजोड झाली असणार. तिचा तपशील माझ्याकडे नाही, आणि असता तरी इथे लिहिला नसता.

हे सगळं सुरू झालं गिरणीत. सत्तर सालाच्या सुमारास हणमंत साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, बदली कामगार होता. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांनी सकाळी काही खाल्लं असेल तर पुढचं जरा सावकाश वाचावं. माग चालतो तेव्हा धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. कशानं काढायचं? तोंडानं. भोकाला ओठ लावायचे आणि जोरात आत ओढायचं, की सूत जिभेवर येतं. त्याच्याबरोबर कापसाची धूळ येते, तेल येतं, आणि तुमच्या आधी ज्यानं तो धोटा चोखला त्याच्या तोंडात सकाळपासून जे जे झालं असेल तेही येतं. पाळी बदलली की तोंडं बदलायची. धोटे तेच.

हणमंतनं यावर आपल्यापुरता उपाय काढला. सायकलच्या ब्रेकची तार उकलून, तिच्या एका बारीक तंतूचा आकडा करून तो सूत ओढायचा. हात मोठा कसबी. पण आकड्याला वेळ लागायचा, तेवढ्यात माग उभा राहायचा, आणि उभा माग जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, लांबून दिसतो.

जॉबर होता तिप्पण्णा. दांडगा माणूस, मिशी ओठांवरून खाली आलेली, डाव्या गालात तंबाखूचा गोळा कायमचा मुक्कामाला. हसला की पंज्यानं मिशी झाकायचा. गिरणीतल्यांना आणि बाहेर आम्हालाही तो त्याचा रुबाब वाटायचा.

"हे काय रं?" तिप्पण्णानं आकडा उचलला.

"तार हाय, जॉबर. सूत काढायला."

"आन् तोंड कशाला दिलंय? भाषण करायला?"

त्यानं आकडा खिशात टाकला, हणमंतचा धोटा घेतला, ओठांना लावला आणि फुर्रकन ओढला. सूत आलं. धोटा परत देताना त्याच्या मिशीपासून भोकापर्यंत एक पिवळसर तार लोंबत होती, आणि ती सुताची नव्हती.

"आसं. आता तू."

अख्खं खातं बघत होतं. हणमंतनं डोळे मिटले, ओठ लावले, ओढलं, आणि मागावरच्या अर्ध्या विणलेल्या चादरीवर सकाळची भाकरी, आमटी आणि जे काय होतं ते सगळं बाहेर आलं. त्या दिवसापासून गिरणीत त्याचं नाव पडलं 'ओकारी'. भोंगा झाला की लोक विचारायचे, "ओकारी आली का?" दोन आठवडे त्यानं सोसलं आणि मग गिरणी सोडली.

अशा माणसाला मामानं निरोप धाडला की नवीन डॉक्टरला माणूस पाहिजे. हणमंतच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, बाटल्या, सुया. रक्ताचं त्याला काही नव्हतं. कामाला लागला तेव्हा दवाखान्यावर पाटी चढलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी पेंटर आला आणि त्यानं पहिल्यांदा काढला तो भला मोठा दात. हणमंत जिन्यात उभा राहून त्या दाताकडे असा बघत होता, की मी त्याला बसायला माझा स्टूल दिला.

पहिल्याच आठवड्यात तो एकदा ओकला, पेशंट चूळ टाकतात त्या भांड्यात. दुसऱ्यांदा ओकला ते एका कापडवाल्या आजोबांच्या कवळीपायी. आजोबांनी ती रुमालातून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. कवळी कोमट होती, आणि तिच्या टाळूला आदल्या रात्रीची शेंगाचटणी घट्ट बसली होती.

डॉक्टर वीरभद्रप्पा शांत माणूस. रागावले की अजून हळू बोलायचे.

"हणमंत, एकदा समजू शकतो. दोनदाही समजलो. पेशंटच्या देखत तिसऱ्यांदा ओकलास, तर तुझा धोटा तुझी वाट बघतोय."

त्या दिवसापासून हणमंतची नोकरी त्याच्या घशात अडकली. तिसरी ओकारी म्हणजे पुन्हा साळखातं, पुन्हा तिप्पण्णा. मग त्यानं युक्त्या काढल्या. खिशात लिंबू ठेवायचा. पेशंटचं तोंड उघडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या नि संकष्ट्या मोजायचा. आणि केसपेपर. खुर्चीत बसायच्या आधी प्रत्येकाचा केसपेपर झालाच पाहिजे, हा नियम डॉक्टरांनी केला आणि हणमंतनं तो देवासारखा पुजला. नाव, वय, राहणार, तक्रार. लिहीत असेपर्यंत तेवढं कागदाकडे बघता यायचं. एकदा एक फौजदार गाल धरून आला, तर हणमंतनं त्यालाही परतवलं. "केसपेपर न्हाय तर तुमी पेशंट न्हाय, साहेब. निस्तं दुखणारं मानूस हायसा."

पंच्याहत्तर साली डॉक्टर मुंबईला जाऊन वाकडे दात तारेनं सरळ करायचं शिकून आले. सोबत एक पेटी आणि प्लास्टरचं एक तोंड. वरचे दात पुढे, सुळा वर चढलेला. दुपारी दवाखाना रिकामा असला की ते हणमंतला घेऊन बसायचे. मी चहाच्या निमित्तानं वर जायचो.

"हा बँड. दाताभोवती बसतो, सिमेंटनं चिकटवायचा."

"कडं," हणमंत म्हणाला.

"बरं, कडं. ह्या कड्यावर पुढे हा ब्रॅकेट. मध्ये खाच आहे बघ."

"खुंटी. खाचंची खुंटी."

"मागच्या दाढेवर खुंटीऐवजी नळी. आता ही मुख्य तार ह्या नळीतून निघते, प्रत्येक खाचेतून जाते आणि पलीकडच्या नळीत शिरते. आणि ही केसासारखी तार पिळून मोठी तार खुंटीला बांधायची."

"म्हंजी गाठ."

"मग दात हलवतं कोण?"

हणमंतनं प्लास्टरचं तोंड उजेडात धरलं. "गाठ न्हवं. गाठ निस्ती धरून ठिवती. मोठी तार वाकवून बसवलीया, तिला सरळ व्हायचंय. ती सरळ हुताना दाताला संगं घिऊन येती."

डॉक्टरांनी हातातली तार खाली ठेवली. त्यांना स्वतःला मुंबईत आठ दिवस लागले होते म्हणे हे समजायला. महिन्याभरात हणमंत त्या प्लास्टरच्या तोंडाला डॉक्टरांपेक्षा सफाईनं गाठी मारायला लागला. गाठीचं टोक असं दुमडायचा की बोट फिरवलं तरी लागणार नाही. प्लास्टरला लाळ नव्हती, वास नव्हता, आणि ते काल काय खाल्लं ते दाखवत नव्हतं.

"हणमंत," डॉक्टर म्हणाले, "प्लास्टरचा पेशंट सोलापुरात एकच आहे. आता खरा बघू."

खरा पेशंट आला तो बापाच्या मागोमाग जिना चढत. बापाला बघून मी हातातलं गिऱ्हाईक सोडलं आणि वर गेलो. तिप्पण्णा जॉबर. बरोबर तेरा वर्षांची मीना, वरचे दात असे पुढे की ओठ मिटायला तिला मेहनत पडायची.

"आरं, ओकारी," तिप्पण्णा पंज्याआडून हसला. "तू हितं?"

"नाव?" हणमंतनं केसपेपर ओढला आणि वर न बघता विचारलं.

"माझं नाव इसरलास व्हय?"

"पेशंटचं."

डॉक्टरांनी पहिली केस म्हणून मीनाला हौसेनं घेतलं. कडी बसवायला दोन दिवस गेले. हणमंत भिंतीकडे तोंड करून काचेवर सिमेंट घोटायचा आणि पाठीमागून हात लांबवून द्यायचा. खरा वनवास पुढे सुरू झाला. सोलापूरचं जेवण तुम्हाला माहीत आहे. कडक भाकरी मोडली की तिचे कपचे उडतात, आणि शेंगाचटणी तर लपायला भोकच शोधत असते. मीनाच्या तोंडात आता चोवीस खुंट्या आणि चोवीस गाठी. दर गाठीखाली चटणीचा लाल तेलकट गोळा, खुंटीच्या खाचेत भाकरीचा भिजून फुगलेला लगदा, दाढेच्या नळीत परवाची मेथी. आठवड्यानं ती आ करायची तेव्हा वास माझ्या दुकानापर्यंत यायचा, असं मी म्हटलं तर ते थोडं जास्त होईल. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत यायचा.

पोरीनं दुसऱ्याच खेपेला ह्याचं मर्म ओळखलं.

"काका, इकडं बघा की. आज काय हाय सांगा."

"बरश कर जा."

"वळखा तर. हिरवं हाय."

हणमंत कॅलेंडरातली संकष्टी शोधायचा आणि लिंबू हुंगायचा. पण गाठींच्या बारीक तारा कापून तयार ठेवायचं काम तो चोख करायचा, आणि सुळा खरोखर खाली यायला लागला होता.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर श्रीपूरला गेले, साखर कारखान्यावर दातांची तपासणी होती. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिप्पण्णा मीनाचा हात धरून जिना चढला. पोरीचा उजवा गाल सुजलेला, फडक्याचा बोळा तोंडाशी, त्यावर रक्त. मागून तिची आजी काशम्मा, हातात मिसरीची डबी.

"डॉक्टर न्हाईत," हणमंत म्हणाला.

"तू हायस की," काशम्मा म्हणाली. "पोरगी रातभर रडालीय. मी मिसरी भरली गालात, तरी उतार न्हाई."

हणमंतनं खिशातलं लिंबू घट्ट धरलं. "मिसरी भरली?"

"जखमंवर. चांगली बोटभर."

मीनाचा जुना केसपेपर होता, म्हणजे तिला परतवता येईना. ती खुर्चीत बसली, दिवा लागला आणि तिनं आ केलं. मी दारात होतो. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, सिव्हिल हॉस्पिटलच्या मागचं गटारही बघितलंय. त्या तोंडात मिसरीचा काळा चिखल होता, त्यात रक्ताचे धागे, त्यावर चटणीचं तेल तरंगत होतं. मोठी तार पिळवटून घट्ट केलेली, तिचं टोक नळीतून मागे निघून गालात घुसलेलं. पुढचा एक दात बोटानं हलेल इतका खिळखिळा.

"हे कुणी केलं?" हणमंतनं कपाळ सोडून पहिल्यांदा तिप्पण्णाच्या डोळ्यांत बघितलं.

"झोल आला हुता," तिप्पण्णा म्हणाला. "तार सरळ पडलेली, गाठी सैल. तुमचं काम बिघडलंय म्हनून म्याच पक्कड घिऊन ताणून दिलं. तीस वर्सं ताणा सांभाळतोय, झोल कळंना व्हय मला?"

"जॉबर, मागावर झोल म्हंजी खोट. हितं झोल म्हंजी दात हलला. तार सरळ झाली म्हंजी तिचं काम झालं. तुमी झालेलं काम परत ताणलंसा." हणमंतनं चिमटा उचलला. "ह्यो दात आता मुळातनं सुटंल. तार काढल्याबिगर गत न्हाय."

"मग काढ."

एवढंच राहिलं होतं. डॉक्टर संध्याकाळी येणार, तोवर दात राहतो की नाही कोण जाणे. आणि तार काढायची तर त्या चिखलात हात घालायचा, पेशंटच्या देखत, तिप्पण्णाच्या देखत. तिसरी ओकारी तिथेच झाली असती तर संध्याकाळपर्यंत ती गिरणीच्या तिन्ही पाळ्यांना कळली असती. मी असताना त्याहूनही लवकर.

त्यानं मीनाला पाच वेळा चूळ भरायला लावली. भांड्यात काय काय पडलं ते मी लिहीत नाही. मग कात्री घेऊन एकेक गाठ तोडायला लागला. कॅलेंडर नाही, लिंबू नाही. दोन हात कामात, आणि नाकानं श्वास घ्यायचाच नाही असं ठरवलेलं. उजव्या दाढेपर्यंत आला आणि थांबला.

"हे काय हाय?"

शेवटच्या खुंटीला तारेची गाठ नव्हतीच. तिथे सुताची गाठ होती. फुगून, काळी पडून, खाचेत रुतलेली.

"ती बारीक तार तुटली माझ्या हातनं," तिप्पण्णा म्हणाला. "मग सुतानं बांधली. पक्की बसलीया, आपली विणकराची गाठ."

"सूत वाळलेलं आसताना खाचंत शिरलं कसं?"

"तोंडात घिऊन वलं केलं की. चांगलं पीळ दिऊन."

 मी चपला घातल्या, कारण आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. तोच माणूस, तोच तंबाखू, तेच चोखलेलं सूत, आणि आता ते एका पोरीच्या तोंडात मिसरीखाली मुरत पडलेलं. कात्रीचं टोक तिथे शिरत नव्हतं. जोर लावला तर खिळखिळा दात सुटला असता. चिमटा लाळेवरून घसरत होता. विणकराची गाठ ओढून सुटत नाही, ती सोडवायची एक रीत असते. एक टोक सरळ करायचं आणि नखानं दुसरा फास त्यावरून सरकवायचा. ही रीत हणमंतला गिरणीत तिप्पण्णानंच शिकवली होती. आणि ती नुसत्या बोटांनीच जमते.

त्यानं चिमटा खाली ठेवला. उघडी दोन बोटं आत घातली. मीना आता चेष्टा करत नव्हती, डोळे मिटून खुर्चीचे हात धरून बसली होती. हणमंतच्या कपाळावरून घाम टपकत होता, पण एका बोटानं त्यानं टोक सरळ केलं आणि दुसऱ्याचं नख फासाखाली घातलं. फास सरकला. सूत बाहेर आलं, चिकट, वीतभर. पाठोपाठ मोठी तार नळीतून सुटली आणि मीनानं हुंदका देऊन तोंड मिटलं.

"दात धरून हाय," हणमंत म्हणाला. "आठ दिस पेज आन् दूधभात. भाकरी दावायची बी न्हाय."

तो ओकला नाही. मला जरा निराशाच झाली, खोटं कशाला बोलू.

काशम्मा पोरीला घेऊन जिना उतरली. तिप्पण्णा रेंगाळला. "हणमंत," तो म्हणाला. ओकारी म्हणाला नाही. "माझ्या तोंडातलं सूत गेल्यानं पोरीला काय व्हनार न्हाय न्हवं? म्या घान न्हाय वो. रोज मीठ लावतो."

"बघू," हणमंत म्हणाला. कामाच्या गुर्मीत होता, नाहीतर हा शब्द त्याच्या तोंडातून गेला नसता.

तिप्पण्णानं पंजा बाजूला केला, मिशी वर धरली आणि दिव्यासमोर वाकून आ केलं. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये खाच पडलेली, त्रिकोणी, आरपार. दर कांडीला तिथून सूत ओढून ओढून दात कापले गेले होते. उरले होते ते दोन काळे खुंट, त्या खाचेत तंबाखूची पूड आणि कापसाचा तंतू एकत्र कुजून बसलेले, हिरडीतून पिवळं पाणी. रुबाब म्हणून मिशी नव्हती तर. बापाच्या तोंडात हे होतं, म्हणून पोरीचे दात सरळ करायची त्याला एवढी घाई.

हे सगळं हणमंतला समजलं असावं, पण समजण्याच्या आधी त्याच्या पोटाला समजलं. तो धावत सज्जात गेला. ते तोंड दारातून बघून मी त्याच्या आधीच दुकानात उतरलो होतो. माझ्या दुकानाच्या पत्र्यावर धो धो आवाज झाला, उन्हाळ्याचे दिवस असून.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी काही बोलणार नव्हतो, पण पत्रा माझा होता. बादलीभर पाणी टाकता टाकता ते मी त्यांना सहज सांगितलं.

डॉक्टरांनी आधी मीनाची काढलेली तार बघितली, मग ते सूत बघितलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "हणमंत, तिसरी झाली म्हणे."

"झाली."

"आपलं काय ठरलं होतं?"

हणमंतनं माझ्याकडे एकदा बघितलं, कपाळाकडे नाही, नीट डोळ्यांत. पुढे दोन वर्षं त्यानं माझ्याकडून पेन्सिल घेतली नाही. मग डॉक्टरांकडे वळला.

"पेशंटच्या देखत, आसं ठरलं हुतं. मीना पेशंट. ती जिना उतरून गेली हुती. जॉबर पेशंट न्हवता. त्येचा केसपेपर काढला न्हवता."

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा पुसला. हसू दाबण्यासाठी त्यांना चष्मा बराच वेळ पुसावा लागला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. ही तिसरी धरत नाही. पण पोरीचे दात आपण सरळ करायचे आणि असल्या तोंडातलं सूत तिच्या तोंडात जायचं, हे मला नको. उद्या त्याला बोलव. दिवा तू धरायचा."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तिप्पण्णा आला. मी मुद्दाम दुकान अर्धं लावून वर गेलो होतो. हणमंतनं कोरा केसपेपर ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, राहणार लिहिलं, सगळं सावकाश, अक्षर गिरवून गिरवून.

"तक्रार?"

तिप्पण्णानं थोडा विचार केला. "धोटा लिही."

हणमंतनं धोटा लिहिला. मग लिहायला काही उरलं नाही. त्यानं खिशातलं लिंबू चाचपलं, दिवा पेटवला आणि मान वर केली. तिप्पण्णानं पंजा बाजूला केला.

"कपाळात काय बगतोस, हणमंता," तो म्हणाला. "दात खाली हायत."